पाणी पिणारी जमीन

ही जागा तुम्ही दिलीत. बाकीचं मागाहून बोलू, आधी एवढं कबूल करा.

पुरानं घर नेलं तेव्हा आम्ही तुमच्याकडे डोंगर मागायला आलो नव्हतो. सॉरवुडच्या ओढ्याकाठी जिथं आमचा चौथरा उरला होता, तिथंच दोन खोल्या उभ्या करू द्या म्हणत होतो. तुम्ही म्हणालात, खाली आता कोणी राहायचं नाही, वर जा, वर पाणी पोचत नाही. वर म्हणजे काय, तर कोळशासाठी ज्या डोंगराचं डोकं तुमच्याच सहीनं उडवलं, त्याची कापलेली मान. सपाटी म्हणतात तिला. झाड नाही, सावली नाही, फोडलेल्या दगडांवर पेरलेलं खुरटं गवत. तिथं आमच्या नावानं खुंट्या ठोकल्यात आणि चाकांवरचं एक घर पाठवून दिलंत.

सही करणारा माणूस बदलला असेल. आमची कबरस्थानं हलवायच्या हुकमावर ज्यानं सही केली, तो तर कधीच मेला असेल. पण खुर्ची तीच आहे, आणि मी खुर्चीशी बोलतेय.

मी व्हेस्टा. जन्मभर शाळेची बस चालवली. नवरा डेन्व्हर, खाणीतलं छत पाठीवर आलं तेव्हापासून वाकून चालतो. आणि माझी म्हातारी आई, डेल्फा. पूर ओसरल्यापासून आम्ही तिघं चर्चच्या तळघरात दुमडत्या खाटांवर झोपत होतो. आईची छाती ओली भिंत सोसेना. रात्रभर खोकायची आणि सकाळी चर्चमधल्या बायकांची माफी मागायची, तुमची झोप मोडली म्हणून. आयुष्यात कोणाचं मीठ उसनं न घेतलेली बाई माफी मागायला शिकली.

त्यामुळे ते घर कोळशाच्या ट्रकांच्या जुन्या रस्त्यानं हेलकावे खात वर आलं, तेव्हा आम्हाला स्वर्ग आल्यासारखं वाटलं. ठोकळ्यांवर बसवलं, पोलादी पट्ट्यांनी जमिनीशी जखडलं, चाकं काढून घेऊन माणसं गेली. मी आत जाऊन पाहिलं. नवी मोरी. नवा संडास, पांढराशुभ्र, अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पण मोरीची नळी घराच्या पोटाखाली उघडी लोंबत होती, नळाला पाणी नव्हतं, विजेच्या खांबावर मीटरच्या जागी नुसती भोकं होती.

पाण्याची नळी सोपी निघाली. मुख्य नळी रस्त्याच्या कडेनंच गेली होती, डेन्व्हरनं आडवं पडून दोन दिवसांत जोडली. अडलं पुढे. विजेचा माणूस मीटर बसवेना, कारण सांडपाण्याची हिरवी चिठ्ठी खांबावर लागलेली नव्हती. चिठ्ठी मिळेना, कारण टाकीच्या पुढचे शोषचर, सांडपाणी जमिनीत मुरवायचे, नव्हते. शोषचर खणता येईनात, कारण जमीन पाणी पिईना. आणि बर्फ पडायच्या आत माणसं राहायला आली नाहीत तर घर ओढून नेऊन दुसऱ्याला द्यायचं, हा नियमसुद्धा तुमचाच.

जमीन तपासायला केल्विन आला. आरोग्य खात्याचा. माझ्याच बसमध्ये मागच्या बाकावर बसून हा पोरगा दर वळणाला ओकायचा. आता मिशा आल्यात आणि कमरेला मोजपट्टी.

"व्हेस्टाबाई, भोक तुम्ही पाडायचं, पाणी तुम्ही ओतायचं. मी फक्त बघणार."

"शाळेतसुद्धा तू तेच करायचास," डेन्व्हर म्हणाला.

मी गिरमिट फिरवत होते, डेन्व्हर पहार मारत होता. हातभर गेलं की ठण्णकन आवाज यायचा. दगड. बाजूला सरक. पुन्हा दगड. तळहाताचे फोड फुटून गिरमिटाची मूठ चिकट झाली. जिथं कुठं भोक पडलं तिथं पाणी ओतलं तर ते कपातल्या कॉफीसारखं तसंच उभं. दुसऱ्या दिवशी येऊन पाहावं, तर वर एक मेलेला किडा तरंगतोय आणि पाणी आहे तेवढंच. केल्विन मान हलवायचा. त्याला वाईट वाटत होतं, हे मी खोटं सांगणार नाही.

सपाटीच्या अगदी पूर्वेच्या काठाला एक पट्टा राहिला होता. तिथं गवत नव्हतं. गडद हिरव्या, तुळतुळीत पानांची एक वेल जमिनीला चिकटून पसरली होती. मी तिच्यात गिरमिट टेकवलं आणि वजन टाकलं, तर ते खाली गेलं. फिरवायचीसुद्धा गरज पडेना. वर आली ती काळी, भुसभुशीत माती. दगडाचा एक खडा नाही. भोकातून माझ्या तोंडावर गार वारा आला. केल्विननंही वाकून पाहिलं आणि कॉलर वर केली.

"ओता."

मी बादली ओतली. पाणी गेलं. बुडबुडा नाही, काही नाही. नुसता एक आवाज, आजारी माणसाला चमच्यानं पाणी पाजताना घशात होतो तसा.

"अजून ओता."

अजून ओतलं. पिकअपवर पिंप भरून आणलं होतं. ओतत गेलो, जमीन पीत गेली. पिंपाचा तळ खरवडला तरी भोकात ओल दिसेना.

"ही जमीन आहे की माझा सासरा?" डेन्व्हर म्हणाला. मी त्याला कोपरानं ढोसलं, पण हसू मलाही आलं. आमची जागा पास झाली होती! केल्विननं त्या पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना झेंड्या रोवल्या. शोषचर इथं, आणि इथंच. दुसरीकडे एक वीतही सरकायचं नाही.

जाताना तो गाडीपाशी थांबला. "बाकी सगळा डोंगर भरावाचा आहे. एवढाच पट्टा असा कसा राहिला?"

"तुला पास करायला," डेन्व्हर म्हणाला.

नळ्या टाकायला बर्लमामा आला. आईचा धाकटा भाऊ. जन्मभर लोकांच्या संडासाच्या टाक्या बसवल्या. गालात तंबाखू, तोंडात बढाया. त्याच्या दहा वाक्यांतली नऊ आम्ही सोडून देतो. त्या दिवशी आईनं हट्ट धरला, मलाही वर न्या, माझं घर मला बघू द्या. तिला गोधडीत गुंडाळून पिकअपमध्ये बसवलं. इतकी वर्षं ती या डोंगरावर चढली नव्हती. काच खाली करून ती इकडेतिकडे पाहत होती आणि तिला काहीच ओळखू येत नव्हतं. ओळखायला डोंगर तर हवा. आम्ही ज्याच्या अंगाखांद्यावर वाढलो त्याला ना अंग उरलं होतं ना खांदा.

बर्लमामानं चर खणायचं यंत्र ट्रेलरवरून उतरवलं, पण सुरू केलं नाही. आधी त्यानं पितळेच्या दोन सळया काढल्या, काटकोनात वाकवलेल्या.

"झालं पाणाड्याचं सोंग सुरू," डेन्व्हर म्हणाला.

"लेका, इथून गॅसची जुनी नळी गेली असली तर तू जागच्या जागी भाजशील. मग बायको रडायचंही सोंगच करील."

असं सगळेच करतात इथं. खणण्याआधी सळया हातात सैल धरून चालायचं. खाली नळी असली, पोकळी असली, की सळया आपोआप एकमेकींवर येतात. मी विश्वास ठेवत नाही, आणि सळया न फिरवता खणूही देत नाही.

मामा दक्षिणेकडून उत्तरेला वेलीवरून चालू लागला. चार पावलं गेला आणि सळया जुळल्या. थांबला. पुढे पाऊल टाकलं, सुटल्या. पुन्हा जुळल्या. पुन्हा सुटल्या. तो शेवटपर्यंत गेला, वळला, थोडं बाजूनं परत आला. आता त्याचं तोंड बंद झालं होतं. मी बर्लमामाचं तोंड बंद झालेलं त्याआधी एकदाच पाहिलं होतं, माझी मामी गेली तेव्हा.

"नळी आहे का?" मी विचारलं.

"नळी अशी नसते."

"मग काय आहे?"

त्यानं खिशातून खिळे काढले आणि जिथं सळया जुळत तिथं एक, सुटत तिथं एक, असे खोचत गेला. मग आडवा, उभा, पुन्हा आडवा. वेलीत हळूहळू चौकोन दिसायला लागले. लांबट, एकाशेजारी एक, मध्ये माणूस चालेल एवढी वाट. सगळ्यांची लांबी पूर्व-पश्चिम. आम्ही माणूस पुरतो तो पाय पूर्वेला करून, उठेल तेव्हा तोंड उजाडतं तिकडे असावं म्हणून.

डेन्व्हर पहारीला टेकून उभा होता. तो सरळ होऊ शकत नाही, पण त्या वेळी जेवढा होता येईल तेवढा झाला आणि डोक्यावरची टोपी काढली.

मामा शेवटच्या ओळीत होता. "हा लांब," तो स्वतःशीच पुटपुटला. "हा लांब. हा..." सळया जुळल्या आणि लगेच सुटल्या. त्यानं परत फिरून पाहिलं. "हा आखूड आहे."

पिकअपमधून आईचा आवाज आला. खोकला नव्हता त्या आवाजात.

"बर्ल्या, तो आखूड लांबाच्या कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या."

"आणि त्याच्या पलीकडे काही नाही, हो ना? त्याच्या पलीकडे उतार होता."

मामा पलीकडे चालून गेला. सळया हलल्या नाहीत.

आईनं काच वर केली.

तो आखूड म्हणजे एल्डन. माझा मोठा भाऊ. मी जन्मायच्या आधी आला आणि गेला, दात यायच्याही आधी. त्याच्या उजव्या हाताला आजोबा. तुमच्या माणसांनी डोंगर फोडायच्या आधी येऊन सांगितलं होतं, कबरी आम्ही हलवतो, मानानं हलवतो, एकेक हाड उचलून. आई म्हणाली होती, मी उभी राहते, माझं पोर आहे. तिला सांगितलं, सुरुंगाची जागा आहे, बायाबापड्यांचं काम नाही, नंतर या. नंतर गेलो, तर मोठ्या रस्त्याकडेला नवं कबरस्थान तयार. हिरवळ, जाळीचं कुंपण, आमचे दगड रांगेत उभे, धुऊन पुसून. आईनं त्या वेळी तुमच्या माणसाचे आभार मानले होते. मी तिचा झगा धरून उभी होते, मला आठवतंय.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाला, फुलांच्या रविवारी, आम्ही तिथं जातो. दगड घासतो, फुलं वाहतो, गोधड्या अंथरून तिथंच जेवतो. आई एल्डनच्या दगडाशी बसते आणि त्याला वर्षभरात घरात काय काय झालं ते सांगते.

त्या दिवशी काम तिथंच थांबलं. आई म्हणाली, "मला रस्त्याकडच्या कबरस्थानात न्या. बर्ल्या, तुझी टाकी शोधायची सळई बरोबर घे."

ती सळई पोलादी, छातीएवढी उंच, वर आडवी मूठ. जमिनीत पुरलेली टाकी हुडकायला ती खुपसतात. पाऊस भुरभुरत होता. कबरस्थानात गवत कापणारा माणूस यंत्र बंद करून आमच्याकडे बघायला लागला.

"काय हरवलंय?" त्यानं ओरडून विचारलं.

"माणसं," मामा म्हणाला.

त्यानं आजोबांच्या दगडासमोर सळई टेकवली आणि अंग टाकलं. ठण्ण. कोपरभरही गेली नाही. बाजूला खुपसली. ठण्ण. आजी. ठण्ण. एकेका दगडासमोर तोच आवाज, तसाच दाताला झोंबणारा. खाली फोडलेल्या दगडांचा भराव होता, वर हिरवळीची गोधडी टाकलेली. तिथं कोणी माणूस पुरला नव्हता. माणूस सोडा, मांजर पुरायलासुद्धा सुरुंग लावावा लागला असता.

एल्डनच्या दगडापाशी मामा थांबला. "ताई, ही राहू दे."

"खुपस."

ठण्ण.

दगडावर उन्हाळ्यातली प्लॅस्टिकची फुलं होती, रंग उडालेली. आईनं ती उचलली, पाणी झटकलं आणि गोधडीत घेतली. गाडीत बसताना म्हणाली, "इतकी वर्षं मी दगडाशी बोलत होते. आणि पोर वर एकटं."

"एकटा कसा? आजोबा आहेत ना शेजारी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वर परत आलो. मामानं केल्विनच्या झेंड्यांच्या आत, एका लांबट चौकोनात सळई टेकवली. ढकलावी लागली नाही. ती आपल्या वजनानं मुठीपर्यंत आत गेली.

आता लक्षात आलं ना, जमीन पाणी का पीत होती? अख्ख्या डोंगरात तेवढीच माती माणसाच्या हातानं खणलेली आणि माणसाच्या हातानं परत लोटलेली होती. तुमचे सुरुंग तिथवर पोचलेच नाहीत, काठाला कोळसा नव्हता. तुम्ही फक्त दगड उचललेत. आणि ती वेल आमच्या बायका थडग्यांवर लावतात. तुमच्या यंत्रांनी तिला खरवडलं, ती परत आली. आम्हीच ओळखलं नाही, भरावातून आली असेल म्हणालो.

केल्विन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. खिळे दाखवले. आम्ही त्या जागेवर उभं राहून बोलत होतो आणि दोघांचेही पाय एका जागी ठरत नव्हते.

त्यानं ऐकून घेतलं. मग दूर बघत म्हणाला, "व्हेस्टाबाई, हे मी ऐकलेलं नाही. परत सांगितलंत तर मात्र ऐकावं लागेल."

"आणि ऐकलंस तर?"

"तर ही जागा बंद. दुसरीकडे पाणी मुरत नाही हे तुम्ही बघितलंय. घर खाली ओढून नेतील. तुमच्या आधी रांगेत होते त्यांची घरंही अशीच गेलीत, कारणं वेगळी." तो मिशी चावत होता. "मामांच्या सळयांवर मला काम थांबवता येत नाही. आणि खणून बघा म्हटलं, तर वरिष्ठ येतील, तज्ज्ञ येतील, वसंत उजाडेल. तुमच्या आईला वसंतापर्यंत..."

"माझ्या आईचं नाव घेऊ नकोस."

"नाही घेत."

त्या दिवशी चर्चच्या तळघरात आम्ही घेवड्याच्या बिया आणि मक्याची भाकरी खायला बसलो. कोणी खाईना. डेन्व्हर म्हणाला, घर जाऊ द्या, आपण पिकअपमध्ये राहू. मामा म्हणाला, चर उथळ असतात, गुडघ्याएवढे, खाली कोणाला धक्का लागणार नाही. मी म्हणाले, धक्का लागणार नाही, पण आपला मैला थेंबथेंब त्यांच्यावर पडेल, त्याचं काय? मामा तंबाखू थुंकायला बाहेर गेला तो लवकर आला नाही.

आई भाकरीचा तुकडा दुधात बुडवत होती. "त्याला चिठ्ठी लावायला नळ्या दिसायला हव्यात ना?"

"हो."

"त्यातून काही वाहिलंच पाहिजे असं आहे का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मग टाक नळ्या," आई म्हणाली. "यंत्र लावायचं नाही. हातानं खणायचं. आणि खणताना बोलत राहायचं, म्हणजे त्यांना कळेल कोण आहे."

खणलं. मामाचं यंत्र बाजूला गंजत राहिलं आणि आम्ही फावड्यानं खणलं. वेल मुळासकट काढून ओल्या गोणपाटावर ठेवली. डेन्व्हर गुडघ्यांवर बसून खणायचा, त्याला वाकावं लागत नव्हतं, तो मुळातच वाकलेला. आणि बोलत राहिलो. सुरुवातीला लाज वाटली. मग मामानं आजोबांना त्यांच्या खेचराची गोष्ट सांगितली, डेन्व्हरनं पुराची सांगितली. मी काय बोलणार? बसमधल्या पोरांची नावं सांगत राहिले, ओढ्याच्या खालच्या घरापासून वरच्या घरापर्यंत, थांबत होते त्या क्रमानं. अर्धी घरं आता नाहीत. आम्ही गप्प झालो की खालून गार वारा यायचा. बोलायला लागलो की थांबायचा. हे मला नुसतं वाटलं असेल असं तुम्ही म्हणाल. डेन्व्हरलाही वाटलं, मामालाही. तिघांनी वेगवेगळं सांगितलं, एकमेकांना न विचारता.

मग खालच्या अंगाला टाकी बसवली. घराच्या पोटातून टाकीपर्यंत नळी, ढाळ धरून, मामा प्रत्येक जोडावर पाणसळ ठेवून बुडबुडा बघायचा. टाकीतून चरांपर्यंत दुसरी. घरापासून चरांपर्यंत सगळा उतार, पाणी उलटं चढायला कुठं जागाच नाही, हे मामानं छातीवर हात मारून सांगितलं. ती त्याच्या दहातल्या नऊ बढायांपैकी नव्हती, ते त्याचं काम होतं.

केल्विन आला, उघड्या चरांच्या कडेकडेनं चालला, आत उतरला नाही. खांबावर हिरवी चिठ्ठी चिकटवली आणि हात न मिळवता गेला. दुसऱ्या दिवशी मीटर बसलं. आम्ही माती लोटली, वेल परत लावली. घरात ऊब आली. आई पहिल्यांदा न खोकता झोपली. ते मी नाकारणार नाही. ऊब तुमचीच होती, आम्ही घेतली.

पण घरात येणाऱ्या पाण्याचा कॉक आईनं बंद करायला लावला आणि त्याची मूठ काढून स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवली. संडासाचं झाकण गोधडीच्या चिंधीनं बांधून टाकलं, गाठ मारून. नळ सगळे चकचकीत, सगळे कोरडे. प्यायचं पाणी आम्ही खालून डब्यांतून आणतो. बादली करतो, आणि ती झाकण लावून पिकअपमध्ये ठेवून चर्चच्या संडासात ओतायला जातो. चर्चमधली एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "व्हेस्टा, तुमचं वर सगळं लागलं ना? चिठ्ठीसुद्धा लागली म्हणे." मी हातात बादली घेऊन तिच्यासमोर उभी होते. म्हणाले, "लागलं की." तिनं नाकाला रुमाल लावला आणि वाट दिली.

थंडी पडली. एका सकाळी सपाटी पांढरी झाली, गवताची पात न् पात गोठलेली. पूर्वेच्या काठाला मात्र वेलीत लांबट हिरवे चौकोन तसेच ओले होते. आखूडसुद्धा. आई खिडकीशी बसून ते बघत होती, आणि मोजत असावी, कारण ओठ हलत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला मोरीखाली आवाज ऐकू आला. भर दुपारी, डेन्व्हर बाहेर लाकूड फोडत होता. चमच्यानं पाणी पाजताना घशात होतो तसा आवाज. मी ओळखला. खाली वाकून नळीला हात लावला. ती गार होती आणि तिच्यावर घाम आला होता, आत पाणी भरल्यासारखा. मी कॉक पाहिला. बंद. मूठ आईच्या खिशात, आई खुर्चीत.

बर्लमामाला बोलावलं. त्यानं टाकीचं झाकण पहारीनं उचललं. कोरी टाकी, जिच्यात आम्ही थेंब सोडला नव्हता, काठोकाठ भरली होती. मामानं सवयीनं तोंड फिरवलं होतं, ते परत वळवलं. वास नव्हता. पाणी इतकं स्वच्छ की तळाचा जोड दिसत होता.

"झऱ्याचं असेल," डेन्व्हर म्हणाला. "खालून वर येतं कधी कधी."

"टाकीत आलं, मान्य," मामा म्हणाला. "पण घराकडच्या नळीत? ढाळ मी दिलाय, डेन्व्हर. मी दिलाय तो ढाळ."

आत आईनं संडासाच्या झाकणाची गाठ सोडली होती. आम्ही दारात गोळा झालो. भांडं पाण्यानं भरलं होतं, अगदी वरच्या कडेपर्यंत, आणि सांडत नव्हतं. बघत राहिलो तर ते बोटभर खाली जायचं आणि परत वर यायचं. थांबायचं. परत खाली जायचं.

मामा म्हणाला, "किती असेल हे सगळं? टाकी धरून?"

उत्तर आईनं दिलं. "तुम्ही त्यांना एवढं पाणी पाजलंत. त्यांना नको होतं. वर भर घालून परत दिलंय."

तिनं त्या पाण्यात हात बुडवला. मी ओरडले, "आई, हात काढ!" तिनं काढला नाही. गरम आहे का बघावं तशी ती हात धरून बसली, बाळाला न्हाऊ घालायच्या आधी धरतात तशी.

केल्विनला कळवलं. तो म्हणाला, टाकी चालत नाही म्हणजे चिठ्ठी काढावी लागेल, आणि चिठ्ठी काढली की मीटर जाईल. मग फोनवर आवाज खाली आणून म्हणाला, "मी अजून ऐकलेलं नाही, व्हेस्टाबाई. लवकर वर कळवा." वर म्हणजे तुम्ही.

तर कळवतेय. झरा आहे म्हणा, भुताटकी म्हणा, बायकांचं वेड म्हणा. मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मला विचारायचंय ते वेगळं आहे आणि त्याला पाण्याची गरज नाही, पोलादी सळई पुरते. रस्त्याकडेला आमच्या नावांचे दगड आहेत, त्यांच्याखाली काय आहे? आमच्या घराशेजारी बिनदगडाचे चौकोन आहेत, त्यांच्याखाली कोण आहे? तुम्हाला माहीत असताना तुम्ही तिथं खुंट्या ठोकल्यात, की कोण कुठं आहे ते तुम्ही कधी विचारलंच नाही? दोन्हींतलं एक खरं असणार. कुठलं?

आणि आता आम्ही काय करायचं? निघून गेलो तर तुम्ही हे घर दुसऱ्या कोणाला द्याल. ते लोक नळ सोडतील, मोरी धुतील, आणि ते सगळं आमच्या माणसांवर पडेल; खालून परत येणंही कोणासाठी थांबणार नाही.

आईनं फिक्की पडलेली ती फुलं आखूड चौकोनावर ठेवलीत, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर खडा ठेवलाय. कॉकची मूठ अजून तिच्या खिशात आहे. पत्रानं उत्तर पाठवू नका, तिला वाचता येत नाही. वर या. तिच्यासमोर उभे राहा, आणि इतकी वर्षं ती कोणाशी बोलत होती, ते तिला तोंडानं सांगा.